आटपाट नगराबाहेरचे मूल

१

विचुंबे हे पनवेल तालुक्यातले, गाढी नदीच्या काठचे गाव. एके काळी भातशेतीचे. आता नवीन पनवेल नदी ओलांडून गावात शिरले आहे. २०१३ साली नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्राची अधिसूचना निघाली तेव्हा हेही गाव तीत आले. गावठाणातली जुनी घरे, चाळी, नव्या इमारती आणि त्या इमारती बांधणाऱ्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या, हे सारे येथे एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात आहे. रविवारी सकाळी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये मी आसपासच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवतो. पाच ते नऊ वर्षांची दहाबारा मुले जमतात, आणि ती या चारही ठिकाणांहून येतात.

एका रविवारी हाती कहाण्यांचे पुस्तक होते. आटपाट नगर आले, त्यातला गरीब ब्राह्मण आला, त्याची बायको आली. तेवढ्यात एका मुलीने मला थांबवले. "सर, त्याला घर व्हतं ना? मग तो गरीब कसा?" मुलगी सहा वर्षांची. आईवडील मराठवाड्यातून बांधकामावर आलेले. एक इमारत पुरी झाली की पत्रे उचलून पुढच्या इमारतीच्या पायाशी जायचे, हे तिने जन्मापासून पाहिलेले. ज्याला घर आहे तो गरीब, हे तिला पटेना.

मी पुस्तक मिटले आणि मुलांनाच विचारले, गरीब म्हणजे कोण? एक म्हणाला, ज्याच्याकडे गाडी नाही तो. दुसरीने हात लांब करून सांगितले, तिकडे वाडीत राहतात ते. इंग्रजी शाळेत तिसरीत शिकणारा एक मुलगा म्हणाला, "आमच्या वर्गात चार गरीब आहेत. आरटीईवाले." मी गप्प राहिलो. त्या चारांपैकी एक तो स्वतःच आहे. त्याचा अर्ज मीच संगणकावर भरून दिला होता. मोठ्यांच्या बोलण्यातला आकडा त्याच्या कानावर पडला असावा. नावे पडली नसावीत.

या मुलाचे वडील कंपनीत कायम नोकरीला आहेत. गरीब म्हणावे असे त्या घरात काही नाही. त्याला प्रवेश मिळाला तो जातीच्या दाखल्यावर. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत २५ टक्के जागा राखल्या, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या मुलांसाठी: एक वंचित गट आणि दुसरा दुर्बल घटक. महाराष्ट्रात दुर्बल घटकाला वार्षिक एक लाख रुपयांच्या उत्पन्नाची अट आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना ती अट नाही. म्हणजे पैशाने मागे ठेवलेला आणि जातीने मागे ठेवलेला, हा भेद कायद्याने नीट ओळखला आहे. शाळेच्या दारात तो पुसला जातो आणि दोघांना मिळून एकच नाव पडते: गरीब. आठ वर्षांच्या मुलाने तेच नाव उचलले.

हा प्रसंग काही सिद्ध करतो असा माझा दावा नाही. दहाबारा मुलांच्या बोलण्यावरून समाजशास्त्र उभे राहत नाही. परंतु त्या दिवसापासून आपल्या आत्मकथनांकडे मी वेगळ्या दृष्टीने पाहू लागलो. मराठी समीक्षेने त्या ग्रंथांत वेदना पाहिली, विद्रोह पाहिला, अनुभवाची अस्सलता पाहिली. त्यांतले मूल विचार करते, हे मात्र तिने फारसे पाहिले नाही. घरात नाही म्हणून मिळत नाही, आणि असूनही देत नाहीत म्हणून मिळत नाही, या दोन गोष्टी मूल कशी वेगळी करते, याची इतकी बारकाईने केलेली नोंद मराठीत अन्यत्र कोठे आहे? प्रस्तुत लेखात मला एवढेच दाखवायचे आहे, आणि त्या नोंदीचे आज आपण काय करणार आहोत हे विचारायचे आहे.

२

आधी प्रस्थापित बालवाङ्मयाकडे पाहू. कहाण्यांतला गरीब ब्राह्मण हा मराठी मुलाला भेटणारा पहिला गरीब. त्याच्या दारिद्र्याला कारण नसते. ते नशिबाने येते, आणि व्रत केले, देव प्रसन्न झाला की जाते. त्याची जात मात्र आरंभीच सांगितलेली असते, कारण तीमुळेच त्याचे दारिद्र्य विपरीत वाटते. ज्याने गरीब नसायला हवे तो गरीब आहे, हे कथेचे निमित्त. अशा नगरात गरीब महार, गरीब मांग, गरीब कातकरी कथेचा नायक का होत नाही? कारण त्यांचे दारिद्र्य कोणाला विपरीत वाटत नाही. ते दारिद्र्य नगराच्या रचनेतच धरलेले असते.

ही गोष्ट जुन्या कहाण्यांपुरती राहिली असती तर तिचा इतका विचार करण्याचे कारण नव्हते. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने आर्थिक दुर्बलांसाठी १० टक्के आरक्षण आणले आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागास वर्गांतल्या गरिबांना त्यातून वगळले. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी ती दुरुस्ती वैध ठरवली. आटपाट नगरातला तो गरीब माणूस आता राज्यघटनेत राहायला आला आहे, असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर द्यावे?

कहाण्यांपेक्षा थोर पुस्तक 'श्यामची आई'. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले; १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. तेव्हापासून मराठी घरातल्या मुलाने दारिद्र्य म्हणजे काय हे श्यामच्या घरात पाहिले. या दारिद्र्याला कारण आहे. घराणे खोताचे, वैभव होते, कर्ज झाले, सावकाराचा माणूस दारात आला, घरावर जप्ती आली. वाचकाचा गळा दाटून येतो तो या उतरणीमुळे. ज्याचे होते आणि गेले, त्याचे दुःख मुलाला कळते.

याच पुस्तकात एक म्हातारी महारीण येते. तिची मोळी खाली पडलेली असते. कोणी उचलून देत नाही. आई श्यामला पाठवते. जा, मोळी उचलून दे, आणि मग येऊन आंघोळ कर, असे सांगते. त्या काळी, त्या पालगडात, ही मोठी गोष्ट होती हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु त्या एका आज्ञेत मुलाला दोन धडे मिळतात. म्हातारी थकलेली आहे, तिला मदत कर, हा एक. तिला शिवलास तर धुतले पाहिजे, हा दुसरा. पहिल्या धड्यावर पुस्तक भरभरून बोलते. दुसरा धडा पाण्याबरोबर वाहून जातो. ती म्हातारी या वयात मोळ्या का वाहते, ती राहते कोठे, तिचे काही होते आणि गेले की कधी नव्हतेच, हे श्यामला विचारावेसे वाटत नाही. श्यामच्या दारिद्र्याला इतिहास आहे. तिच्या दारिद्र्याला नाही.

साने गुरुजींचा जीवनप्रवास या प्रसंगापाशी थांबला नाही. १९४७ साली पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राण पणाला लावून उपोषण केले. आंघोळीचा तो प्रश्न गुरुजींनी आपल्या आयुष्यात सोडवला. मुलांच्या हाती मात्र आंघोळीसकट ते पान आजही जाते, आणि वर्गात शिकवणारे आपण त्यावर थांबतो का, हे प्रत्येक शिक्षकाने स्वतःला विचारावे.

३

आता त्याच विषयाची दुसरी बाजू पाहू. साल १९०१. साताऱ्याहून निघालेली काही मुले मसूर स्टेशनावर उतरतात. त्यांतला एक नऊ वर्षांचा भीमराव आहे. भावा-भाच्यांबरोबर तो वडिलांच्या नोकरीच्या गावी सुट्टीसाठी निघाला आहे. मुलांचे पत्र वडिलांना मिळालेले नाही, म्हणून न्यायला कोणी आलेले नाही. हा प्रवास बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत सांगितला आहे. तो आपल्याला माहीत आहे, म्हणूनच त्यातली एक गोष्ट नजरेतून सुटते.

ही मुले गरीब दिसत नाहीत. अंगात नवे सदरे, डोक्याला झगझगीत टोप्या, नेसायला रेशीमकाठी धोतरे. स्टेशनमास्तर त्यांना ब्राह्मणांची मुले समजतो आणि आपुलकीने चौकशी करतो. मुले भाबडेपणाने आपण महार असल्याचे सांगतात, आणि त्याचा चेहरा पालटतो. गाडीवाले यायला तयार नाहीत. दुप्पट भाडे देऊ म्हटले तरी नाहीत. शेवटी तोड निघते ती अशी की भाडे दुप्पट द्यायचे आणि गाडीही मुलांनीच हाकायची. गाडीवान बरोबर पायी चालेल. रात्री मुलांजवळ शिदोरी असते, भूक असते, पैसे असतात. पाणी मिळत नाही. पाण्यावाचून अन्न घशाखाली उतरत नाही आणि मुले उपाशी झोपतात.

येथे दारिद्र्य आणि जात यांची गाठ एका दिवसात सुटते. जे दारिद्र्याने होते असे आपण समजतो, म्हणजे भूक, तहान, वाहन न मिळणे, ते सारे झाले. आणि दारिद्र्य तेथे नव्हते. कोणी प्रयोग म्हणून मांडले असते तरी कारणांची वाटणी इतकी स्वच्छ झाली नसती.

बाबासाहेब आणखी एक महत्त्वाचे सांगतात. या प्रवासापूर्वी आपण अस्पृश्य आहोत हे त्यांना ठाऊक होते. शाळेत वेगळे बसायचे, बसण्याचे गोणपाट घरून न्यायचे आणि घरी आणायचे, शिपायाने नळ सोडला तरच पाणी प्यायचे, न्हाव्याकडे न जाता बहिणीकडून केस कापून घ्यायचे, हे सारे अंगवळणी पडले होते. परंतु ते जसे आहे तसे चालायचेच, असे वाटत असे. त्या प्रवासाने त्यांना अस्पृश्यतेविषयी विचार करायला लावले. नियम माहीत असणे आणि नियमाचा विचार करणे या दोन भिन्न अवस्था आहेत. पहिलीत मूल समाजाचे ऐकते. दुसरीत ते समाजाला कारण विचारते. नऊ वर्षांचे मूल पहिलीतून दुसरीत गेले ते केव्हा? पैशाने सुटायला हवा होता असा प्रश्न पैशाने सुटला नाही तेव्हा.

४

शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) ही गाठ उलटी आहे. येथे भूकही खरी आणि जातही खरी, आणि दोन्ही एकाच भाकरीत आहेत. शाळेची सहल निघते. सवर्णांची मुले एका झाडाखाली जेवायला बसतात, महारांची मुले दुसऱ्या. जेवण झाल्यावर त्यांचे उरलेले एकत्र करून या मुलांना मिळते, आणि मुले ते हावरटासारखी खातात. घरी आल्यावर आई विचारते, मला का नाही आणलेस? पुढे वर्गात गुरुजी सांगतात, सहलीवर निबंध लिहा.

या प्रसंगाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि बहुधा 'उष्टे खाण्याची विटंबना' या एका शब्दसमूहात ते संपते. परंतु तेथे तीन वेगवेगळी आकलने आहेत हे लक्षात घेतले पाहिजे. मुलाला ते प्रथम अन्न आहे. पोट भरले, बरे वाटले. आईलाही ते अन्न आहे; तिची तक्रार एवढीच की त्यातले घरी आले नाही. तिसरे आकलन गुरुजींच्या निबंधाचे. त्यात सहल म्हणजे निसर्ग, गाणी, आनंद. उष्टे नाही, दोन झाडेही नाहीत. मुलाला विटंबना कळते ती जेवताना नव्हे. निबंध लिहायला बसल्यावर काय लिहावे ते सुचत नाही, तेव्हा ती कळते. वर्गाच्या भाषेत आपली सहल मावत नाही, हा शोध त्याला त्या कोऱ्या पानाने लावून दिला.

शाळा दलित मुलाला बाहेर बसवते, हे आपण नेहमी म्हणतो आणि ते खरेच आहे. येथे शाळा त्याला आत बोलावते, लिही म्हणते, आणि लिहिण्यासाठी दिलेल्या शब्दांत त्याला जागा ठेवत नाही. विचुंब्याच्या मुलाला 'गरीब' हा शब्द शाळेने दिला, त्याचीच ही मागची पायरी आहे.

उर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये (२००३) कोकणातली मुलगी आहे, म्हणून ती आमच्या रायगड-रत्नागिरीकडच्या वाचकाला अधिक जवळची वाटते. आई सुपे-टोपल्या विणते. मुलीला त्या घरोघर पोचवाव्या लागतात. घेणारे टोपलीवर पाणी शिंपडतात आणि मग ती घरात नेतात. पैसे वरून टाकतात. आता मुलीने यातून काय समजायचे? माल विकला गेला, पैसे मिळाले, म्हणजे व्यवहार पुरा झाला. मग पाणी कशासाठी? तीच टोपली पाणी पडल्यावर त्यांच्या घरात चालते आणि ती विणणारा हात चालत नाही. वस्तू आणि माणूस यांतला हा भेद मुलगी पुस्तकातून शिकत नाही. दोन हातांमधल्या अंतरातून शिकते.

'आयदान'मधली आई येथे फार मोलाची आहे. गुरुजींनी मुलीला शेण उचलण्यावरून मारले तेव्हा ती आपल्या पडवीतून, विणकाम करता करता, रस्त्याने जाणाऱ्या गुरुजींना अडवून जाब विचारते. 'अक्करमाशी'तली आई मुलाला अन्नाविषयी विचारते. ही आई गुरुजींना अन्यायाविषयी विचारते. यात एक आई थोर आणि एक लहान असे कोणी समजू नये. एकीपुढे आजची चूल आहे, तर दुसरीला हातातल्या विणकामाचा थोडा आधार आहे. परंतु मुलाच्या आकलनाला यातून जे वळण मिळते ते वेगळे. मोठे माणूस समोर उभे राहून नाही म्हणते, हे ज्या मुलाने पाहिले, त्याला नियम बदलता येतो हेही कळते.

५

आता आपल्याच घरातले एक वैगुण्य सांगितले पाहिजे. ते दुसऱ्यांनी सांगण्यापेक्षा या पानांवर सांगितलेले बरे. आपल्या अनेक आत्मकथनांत मूल विचार करू लागते आणि तेवढ्यात प्रौढ लेखक त्याच्या तोंडून उत्तर देऊन टाकतो. शोषण, व्यवस्था, माणूसपण हे शब्द आपल्याला चळवळीने दिले; सात वर्षांच्या मुलाजवळ ते नव्हते. 'अक्करमाशी'तही मूल एका भाकरीपाशी अडखळते आणि लेखक धर्म, ईश्वर, रक्त यांवर प्रश्नांची सरबत्ती करतो. त्या प्रश्नांतला संताप खरा आहे, न्याय्य आहे. परंतु तो तरुणाचा आहे. त्याच्या आवाजात मुलाचे ते पहिले 'का?' ऐकू येत नाही.

या अडचणीवर दया पवारांनी 'बलुतं'मध्ये (१९७८) काढलेला मार्ग मला अजूनही सर्वांत प्रामाणिक वाटतो. त्यांनी सांगणारा आणि ऐकणारा असे दोघे केले. शिकलेला, लेखक झालेला दया पवार ऐकतो, आणि दगडू मारुती पवार सांगतो. दोघे एकाच देहातले, आणि तरीही दोघांत अंतर आहे हे लेखक लपवत नाही. लहानपणीचे जे कळले ते आणि मोठेपणी जे उमगले ते वेगळे ठेवण्याची शिस्त या रचनेत आहे. त्यामुळे धामणगावचा महारवाडा आणि मुंबईचा कावाखाना आपल्याला एका मुलाच्या उंचीवरून दिसतात. ते मूल लाजते, लोभावते, कधी स्वतःच्याच माणसांची घृणाही करते. आदर्श दलित मूल ते नाही, आणि म्हणूनच ते विश्वासार्ह आहे.

लहान मूल विचार करते याचा याहून जुना पुरावा आपल्याजवळ आहे, आणि तो आठवणीतला नाही. फुले यांच्या पुण्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या चौदा-एक वर्षांच्या मातंग मुलीचा 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये दोन अंकांत छापला गेला. आपण तिचा गौरव करतो. तिचा युक्तिवाद वाचतो का? ती म्हणते, वेद आपलेच असे ब्राह्मण सांगतात आणि आम्हाला तो पाहण्याचीही मुभा नाही. तर मग आमच्याजवळ धर्माचे पुस्तक नाही, आणि आमचा धर्म कोणता ते देवाने सांगावे. प्रतिपक्षाचे विधान घ्यायचे, ते खरे धरायचे, आणि ते कोठे नेते ते दाखवायचे, ही तर्काची रीत आहे. त्याच निबंधात ती बाळंतिणीच्या डोक्यावर छप्पर नसल्याचेही सांगते. म्हणजे दोन्ही गोष्टी तिने मांडल्या: आमच्याजवळ काय नाही, आणि आम्हाला काय दिले जात नाही. शेवटी दरिद्री आणि दुखणाईत अशा आपल्या लोकांना ती ज्ञानाचे औषध घ्यायला सांगते. तीन वर्षांच्या शिक्षणावर एका मुलीने हे केले.

६

अमेरिकेत १९४० च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णी मानसशास्त्रज्ञ पतिपत्नींनी तीन ते सात वर्षांच्या मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. सर्व सारख्या, फरक फक्त रंगाचा. चांगली कोणती, खेळायला कोणती आवडेल, तुझ्यासारखी कोणती, असे प्रश्न. बहुसंख्य कृष्णवर्णी मुलांनी गोरी बाहुली चांगली ठरवली. आणि शेवटच्या प्रश्नाला काही मुले रडली. शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात या कामाची दखल घेतली गेली.

आपल्याकडे असे काही करावे म्हटले तर बाहुली कोणत्या रंगाची करायची? जात कातडीवर दिसत नाही. मसूरच्या स्टेशनमास्तरालाही ती दिसली नाही, विचारावी लागली. जे डोळ्यांना दिसत नाही ते मुलाला कोणीतरी सांगावे लागते: वस्तीच्या नावाने, पाण्याच्या भांड्याने, आडनावाच्या चौकशीने, गोष्टीतल्या विशेषणाने. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, तो योग्यच झाला. पण पाटीवरचे नाव बदलले तरी 'वाडीतले' हा शब्द आमच्या पार्किंगमधल्या मुलीच्या तोंडी आहेच. जात शब्दांतून शिकवली जाते. म्हणून ती कशी शिकवली जाते हे पाहणे साहित्यसमीक्षेचे काम आहे, आणि ते केवळ मानसशास्त्रावर सोपवता येणार नाही.

'गरीब' हा असाच एक सभ्य शब्द. जातीचे नाव घेणे बरे दिसत नाही, म्हणून सवर्ण घर मुलाला सांगते, ते गरीब आहेत, त्यांना हसू नये. हेतू चांगला असेल. परिणाम असा होतो की सवर्ण मुलाला दयाळू होता येते आणि प्रश्न विचारता येत नाही. गरिबाला मदत करतात. ज्याचे नाकारले त्याला ते परत द्यावे लागते. दुसरीकडे दलित मुलालाही हा शब्द फसवतो. बापाला नोकरी लागली, घर झाले, म्हणजे आपण त्यातले नाही असे ते समजते. आणि पुढे कधीतरी मसूरच्या फलाटावर एकटे उभे राहते. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने नियम बदलून सरकारी शाळेच्या एक किलोमीटरच्या आतल्या खाजगी शाळांना त्या २५ टक्क्यांतून सूट दिली. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. शाळेचे दार न्यायालयाने उघडे ठेवले. दाराच्या आत मुलाला कोणत्या नावाने हाक मारायची, हे न्यायालय ठरवू शकत नाही.

७

एका रविवारी मी मुलांना १९०१ चा तो प्रवास सांगितला. नाव सांगितले नाही, जात सांगितली नाही. चांगल्या कपड्यांतली मुले, बैलगाडी, रात्र, शिदोरी, आणि पाणी नाही, एवढेच. बांधकामावरच्या त्या मुलीने लगेच विचारले, "पैसे व्हते ना? मग बाटली का नाही घेतली?" आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो, पाण्याचे जार विकत मिळतात, पैसे असले की पाणी मिळते हे तिला पक्के माहीत आहे. कोणी म्हणाले, दुकान बंद असेल. कोणी म्हणाले, सुटे नसतील. मुलांनी सगळी कारणे संपवली. मग तो तिसरीतला मुलगा हळूच म्हणाला, "दुकानदाराने दिलीच नसेल."

"का?" मी विचारले.

त्याने थोडा विचार केला. "ते आरटीईवाले होते का?"

मोठ्या माणसांनी झाकून ठेवलेली गोष्ट त्याने शोधून काढली होती. फक्त तिचे नाव त्याच्याजवळ चुकीचे होते. पैसे असून दिले जात नाही असे काही असते, आणि ते ज्यांना दिले जात नाही त्यांचा एक वेगळा गट असतो, येथवर तो आपल्या पायांनी आला होता. त्याला मी अर्धेच उत्तर दिले. ती मुले कोण होती ते सांगितले, त्यांतला एक पुढे कोण झाला ते सांगितले. तुझ्या वर्गातल्या चारांत तूही आहेस, हे सांगितले नाही. तो अधिकार आधी त्याच्या आईवडिलांचा आहे. त्याच्या वडिलांशी मी बोललो तेव्हा ते म्हणाले, "सर, सांगायचं आहेच. पण कसं सांगायचं ते सुचत नाही." मला अक्करमाशीतले ते कोरे पान आठवले.

येथे आपल्या साहित्याचे एक काम राहून गेले आहे. आपण मुलांविषयी लिहिले. मुलांसाठी फार थोडे लिहिले. १९०१ चा तोच प्रवास २०११ साली 'भीमायन' या इंग्रजी चित्रग्रंथात गोंड चित्रकारांनी रंगवला. हैदराबादच्या 'अन्वेषी' या संस्थेने दलित-बहुजन आणि मुस्लिम घरांतल्या मुलांच्या गोष्टींची मालिका तेलुगू, मलयाळम आणि इंग्रजीत काढली. ज्या मराठीत 'बलुतं', 'अक्करमाशी' आणि 'आयदान' लिहिले गेले, तीत सहा वर्षांच्या मुलाच्या हाती देता येईल असे काय आहे? थोरांच्या चरित्रांच्या पुस्तिका आहेत. त्यांत महापुरुष असतो, जयजयकार असतो. तहानलेले मूल असते तेही पुढे महापुरुष होणार म्हणूनच असते. जे मूल महापुरुष होणार नाही, इंग्रजी शाळेत तिसरीत आहे आणि मधल्या सुट्टीत आपला डबा उघडते आहे, त्याची गोष्ट कोणी लिहायची?

ती लिहिताना दोन पथ्ये पाळावी लागतील असे आत्मकथनांनीच शिकवले आहे. मुलाच्या आधी आपण उत्तर द्यायचे नाही. आणि नसणे व न देणे ही एकाच शब्दात गुंडाळायची नाहीत. त्या मुलाचे वडील वाट पाहत आहेत. दिवाळीच्या सुट्टीनंतर सांगू असे त्यांनी ठरवले आहे, आणि तोवर वाचून दाखवता येईल असे काही असले तर आणा, असे त्यांनी मला सांगून ठेवले आहे.